ठणठणीत दात

मावशीबरोबर दातांच्या दवाखान्यात शिरताना भाचीचा हात उजव्या गालावर होता. बसल्यावर तो डाव्या गालावर गेला. समोरच्या बाईंनी हातातलं मासिक खाली केलं.

“मावशी, काकांशी तुझं जमलं कसं गं?”

“ते डोळे तपासायचे. पुन्हा जाता यावं म्हणून मी अक्षरं मुद्दाम चुकीची वाचायचे.”

“मग?”

“त्या गाढवाने खरं मानून जाड भिंगांचा चष्मा दिला. तो लावून लग्नात मी सासऱ्यांचाच हात धरला!”

“अगं बाई!”

“तुझे ठणठणीत दात अजून किती दिवस दुखणार? विचार की डॉक्टरला सरळ.”

“नाही म्हणाला तर?”

“दात तरी वाचतील.”

दार उघडलं. “आज कुठला दात?” डॉक्टरने विचारलं.

भाचीने गालावरचा हात काढला.

“एकही नाही. लग्न करता का माझ्याशी?”