बिनगोळीची सकाळ

मज्जाविकारतज्ज्ञांच्या दाराबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर, एक वृद्ध दांपत्य आपल्या पाळीची प्रतीक्षा करीत बसले होते. त्यांचे बोलणे अनाहूतपणे कानी आले. ते जसे ऐकले तसेच येथे निवेदितो.

“अहो, स्वेटरची बटणं इतक्या भराभर कशी काढलीत?”

“काढली. त्यात काय?”

“एरवी एकेका बटणाला युग लागतं. गोळी घेतलीत ना?”

“अर्धीच.”

“डॉक्टरांनी बजावलं होतं, सकाळची गोळी न घेता या म्हणून. कंपवातानं हालचाल किती मंदावलीय ते बघून डोस ठरवायचाय.”

“मागच्या खेपेला त्यांनी चिमूट उघड-मीट करायला सांगितली. आधी बोटं चांगली फाकली, मग फाक लहान लहान होत ती जागीच थिजली. आणि तू खिडकीबाहेर बघत बसलीस.”

“रडू आलं तर कुठे बघू? डॉक्टरांच्या तोंडाकडे?”

“मला वाटलं, तुला माझी लाज वाटली.”

“लाज वाटायचीच, तर तुमच्या घोरण्याची कधीच वाटली असती! आज डॉक्टर म्हणतील, छान आहे, हाच डोस ठेवा. मग घरी दारातच खांबासारखे उभे राहाल, तेव्हा?”

“आजोबा, चला आत.”

“सिस्टर, आज नुसती गोळी आलीय. मी उद्या येतो.”

“म्हणजे?”

“अहो, गोळी खाऊन आलेत हे.”

“बरं. उद्या न खाता या.”

“ऐकलंस? उद्या कुठे बघशील?”

“तुमच्या बोटांकडे. पण तुम्ही माझ्या तोंडाकडे बघू नका.”