साहेबांची आई

रविराज : अरे, पण नाव कुठं घेतलं तुझं? सबंध भाषणात एकदा तरी तुझं नाव आलं का?

सद्दाम : न्हाई ना आलं! त्येचाच तर राग हाय. माझं नाव न्हाई, अम्मीचं नाव न्हाई, आन् गोष्ट सगळी आमची. काल शिरूरच्या सभेत तुझा साहेब माईक धरून म्हणतो, "माझी आई काढणी झालेल्या रानात राहिलेले कांदे वेचायची." कुठं वेचायची रं त्याची आई कांदे? सासऱ्याच्या पेट्रोल पंपावर?

रविराज : हळू बोल. चाची घरात आहेत का?

सद्दाम : नकुशीमावशीकडं गेलीय, येईल आता. आन् हळू कशाला बोलू? सगळ्या तालुक्याला भोंग्यावर ऐकवलंत, तवा न्हाई वाटलं हळू बोलावं?

रविराज : सद्या, मी त्यांची भाषणं लिहितो. पोटापाण्याचं काम आहे माझं. तू रांजणगावला कंपनीत पार्ट बनवतोस, त्याच्यावर तुझं नाव असतं का? नाव कंपनीचंच असतं ना? तसंच हे.

सद्दाम : पार्टाचं लोखंड कंपनी इकत आणती. माझ्या घरात शिरून उचलून न्हेत न्हाई.

रविराज : बस जरा. तापू नकोस. साहेब या खेपेला नुसते खासदार व्हायला उभे नाहीत, कळलं का? निवडून आले तर दिल्लीत मंत्री, तसा वरून शब्द आहे. पोरं तर आत्ताच बॅनरवर लिहायला लागलीत, भावी पंतप्रधान म्हणून.

सद्दाम : पोरं कशाला, तूच लिवतोस.

रविराज : बरं, मीच लिहितो. तर पुण्याला हॉटेलात बैठक झाली. प्रश्न असा होता, की देश चालवायला निघालेला माणूस लोकांना कुठून आलेला लागतो? एक जण म्हणाला, वकील पाहिजे, कायदा कळतो. दुसरा म्हणाला, फौजेतला असला तर उत्तम, शिस्त असते. साहेब म्हणाले, मी एवढी वर्षं दूध संघ चालवलाय, तोट्यातनं वर काढलाय, अर्थशास्त्र शिकलोय, सरकारचं बजेट मला वाचता येतं. तेवढंच सांगू. आणि खरं सांगतो तुला, माणूस हुशार आहे. फायली स्वतः वाचतो. असा माणूस मी दुसरा बघितला नाही.

सद्दाम : मग तेच सांगायचं की!

रविराज : सांगितलं ना! पहिली सभा एका खेड्यात घेतली. बजेट समजावून सांगितलं लोकांना. निम्मी माणसं तंबाखू मळत बाहेर जाऊन उभी. एका आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्यो कवा उपाशी झोपलाय का?" मी म्हटलं, नाही. म्हणाले, "मंग ह्येला आमचं काय कळणार?"

सद्दाम : बराबर बोलला म्हातारा.

रविराज : बरोबर बोलला ना? मग? मी काय वाईट केलं? लोकांना जे ऐकायचं होतं ते दिलं.

सद्दाम : म्हाताऱ्याला उपाशी झोपलेला माणूस पाहिजे हुता. तू जेवलेल्या माणसाच्या तोंडात आमचा उपास घातलास. आन् मला इचारशील तर उपाशी झोपलं म्हंजी देश चालवता येतो, असं बी न्हाई. मी झोपलोय की. मला दे देश! कंपनीत माझ्या हाताखाली लाईनवर सगळे यूपी-बिहारचे. छटपूजेच्या सणाला सगळ्यांना एकदम गाव आठवतं, "भैया, मेरी छुट्टी पहले," आन् मी बसतो डोकं धरून. तेवढ्या माणसांच्या सुट्ट्या लावता येत न्हाईत मला. तुझ्या साहेबाला बजेट येतं, संघ चालवता येतो, तर त्येच कामाचं हाय दिल्लीत. त्येची लाज का वाटली तुमाला?

रविराज : टाळ्या नाहीत त्याला.

सद्दाम : टाळ्यांसाठी माझी आई इकलीस.

रविराज : असं बोलू नकोस रे.

सद्दाम : मग कसं बोलू? ही गोष्ट मी तुला कवा सांगितली, आठवतं का?

रविराज : आठवतं.

सद्दाम : सांग मग. तुझ्याच तोंडानं सांग.

रविराज : तू कुरकुंभला कामाला होतास तेव्हा. केडगावच्या खोलीवर. माझी पेपरातली नोकरी गेली होती, घरी तोंड दाखवायला नको म्हणून तुझ्याकडं येऊन पडलो होतो.

सद्दाम : भिंतीकडं तोंड करून. जेवत नव्हतास, बोलत नव्हतास. मला भ्या वाटायला लागलं, ह्यो काय करून घेतोय का काय. कामावर जाताना शेजाऱ्याला सांगून जायचो, ह्येच्यावर ध्यान ठेवा म्हणून. तुला उठवायला सांगितली ती गोष्ट. अम्मीनं शपथ घातली हुती, कुणापाशी बोलायचं न्हाई. माझ्या बायकोला, जास्मिनला सुदीक म्या आजवर सांगितली न्हाई. तुझ्यापायी शपथ मोडली.

रविराज : उठलो होतो की मी त्या दिवशी. जेवलो होतो.

सद्दाम : व्हय. जेवलास, आन् सगळं ध्यानात ठेवलंस. बरं, उचललीस ती तरी धड उचलायची. तुझा साहेब काय म्हणाला शेवटाला? आई कांदे घिऊन परत गेली. मालकाच्या दारात वतले, म्हणाली न इचारता न्हेले, चुकलं माझं. मालकाच्या डोळ्यात पाणी. त्यानं वरनं अर्धं पोतं दिलं. "हेच इमान मी दिल्लीला घेऊन चाललोय." काय टाळ्या!

रविराज : भाषणाला शेवट लागतो, सद्या. कांदे उचलून पळाले, एवढ्यावर कसं थांबणार?

सद्दाम : मालक कोण हुता?

रविराज : जाऊ दे ना आता.

सद्दाम : नाव घे.

रविराज : आमचे आबा.

सद्दाम : आनंदराव. तुझा आजा. ह्याच गावात, केंदूरच्या ह्याच रस्त्यावर त्यानं अम्मीला पदर झाडायला लावला. काढून झालेल्या रानातले, ऊन लागून हिरवे पडलेले कांदे. ढोरं बी खात न्हाईत. सगळे गडी बघत उभे. मी बांधाआड, दप्तरात चार कांदे. तिनं डोळ्यानं खुणावलं, पळ. मी पळालो. सांच्याला तेच चार भाजून खाल्ले आम्ही. कोण परत गेलं? कुणाच्या डोळ्यात पाणी आलं? कुणी दिलं पोतं?

रविराज : आबांचं नाव अजून चांगलं निघतं गावात. माझ्या हातानं मी कसं लिहिणार तसलं?

सद्दाम : म्हंजी आमची गरिबी साहेबाला दिलीस आन् चांगुलपणा तुझ्या आजाला. आमाला काय ठेवलंस रं?

रविराज : चुकलं. पुढच्या सभेतनं काढायला लावतो.

सद्दाम : परवा रांजणगावला सभा हाय ना? काढशील?

रविराज : परवा नाही जमायचं. व्हिडिओ सगळीकडं गेलाय, दिल्लीवाल्यांनी हिंदीत मागितलाय. लोक आता तेवढंच ऐकायला येतात.

सद्दाम : ठाव हुतं मला. उद्या अम्मी सोताची गोष्ट कुणाला सांगाय गेली, तर लोक हसतील. म्हातारी साहेबाचं भाषण पाठ करून आली म्हणतील.

रविराज : मी काय करू, सांग. तू म्हणशील ते करतो. तुझ्या गळ्याची शपथ.

सद्दाम : शपथा नको मला. काल बायकांना पुढं बसवलं हुतं. अम्मी पुढच्या रांगेत. साहेब बोलत हुता आन् मी मागनं नुसतं तिचं डोकं बघत हुतो. टेम्पोत बसली, घरापर्यंत एक शब्द बोलली न्हाई. तिला वाटतंय, पोरानं शपथ मोडून घरची अब्रू इकली. मला तिच्या तोंडाकडं बघवंना. म्हणून बोलावलंय तुला. गोष्ट कुणी न्हेली, शेवट कुणी बदलला, तू सांगायचं तिला. आज. माझ्या म्होरं.

रविराज : सांगतो.

सद्दाम : सगळं?

रविराज : सगळं. आल्या की सांगतो.

(अमीरबी अंगणातून आत येतात.)

अमीरबी : कुणाची गाडी म्हणलं दारात! रविराज व्हय! बरं झालं बाबा आलास, तुझीच याद काढत हुते. बस, च्या टाकते.

रविराज : चहा राहू द्या, चाची. बसा तुम्ही. मला थोडं बोलायचंय.

अमीरबी : मला बी बोलायचंय. माझं आधी ऐक, न्हाईतर इसरून जाते मी.

सद्दाम : अम्मी, पयलं त्याला बोलू दे.

अमीरबी : तू गप रं. रविराज, तू त्या साहेबासंगं असतोस न्हवं? त्याची आई जित्ती हाय का?

रविराज : आहेत.

अमीरबी : मला एकडाव न्हेशील तिच्याकडं? मागायचं काय न्हाई मला. नुसतं तिच्याजवळ बसायचंय.

रविराज : चाची, ती कालची गोष्ट आहे ना...

अमीरबी : तेच तर सांगते. माझ्यावर बी तसलीच येळ आली हुती, बाबा. अगदी तशीच. पोरगं बी तसंच दप्तर घिऊन. सद्दामला ठाव हाय, मी त्याला बोलू देत न्हाई. इतकी वर्सं वाटायचं, ही नामुष्की फकस्त माझ्याच कपाळी. काल कळलं, आणखी एक हाय. एवढ्या मोठ्या घरची बाई, पर हाय.

सद्दाम : अम्मी, तसं न्हाई ते. रव्या, सांग की!

अमीरबी : पर ती परत गेली रं. मी न्हाई गेले.

रविराज : कुणी परत बिरत जात नाही, चाची. ते सगळं भाषणातलं...

अमीरबी : ती गेली ना! म्हणून तर तिचा ल्योक देश चालवायला निघालाय. तिनं त्याला ते शिकवलं. म्या माझ्या पोराला काय शिकवलं? पळ म्हणून शिकवलं. काल टेम्पोत त्याच्याकडं बघायची लाज वाटत हुती मला.

सद्दाम : अम्मी!

अमीरबी : आन् रान तुमचं हुतं, रविराज. तुझ्या आबांचं. तुला ठाव नसंल. म्या त्यांना मनात लई शिव्याशाप दिले. गेले तवा सगळा गाव तुमच्या दारात हुता, मी आले न्हाई. काल ऐकलं आन् वाटलं, मी कांदे घिऊन गेले असते तर त्यांनी बी मला पोतं दिलं असतं. माणूस वाईट नसंल. मीच गेले न्हाई.

रविराज : चाची, नका हो असं बोलू.

अमीरबी : आबा तर आता न्हाईत. त्येंच्या जागी तूच. पोरगं भुकेलं हुतं, दुसरं काय न्हाई. माफ केलं म्हण, बाबा. एवढा एक शबुद दे, मंग मी सुखानं झोपंन.

सद्दाम : रव्या, आता बोल.

रविराज : माफ केलं, चाची.