दोरी कुणी ओढली?

नागोयाजवळच्या त्या इस्पितळात नात्सुकी सलाइनसाठी थांबली होती. तेवढ्यात काचेपलीकडे पिवळा दिवा लागला आणि आतलं सगळं काम थांबलं. शेजारच्या बाकावर दोन म्हाताऱ्यांचं बोलणं सुरू झालं.

"ओकुमुरासान, आता हे काय नवीन?"

"दोरी ओढली कुणीतरी. आमच्या मोटार कारखान्यातली पद्धत. काही चुकतंय असं वाटलं, की कुणीही दोरी ओढायची आणि सगळ्यांनी हात थांबवायचे."

"अहो, आम्ही माणसं आहोत, मोटारी नाही!"

"म्हणून तर, हात्तोरीसान. बिघडलेली मोटार परत बोलावता येते."

"पण नंबर माझाच होता हो! बाटलीसुद्धा टांगून झाली होती. कुणी ओढली, एवढं तरी कळू दे."

"कुणी ते विचारायचं नसतं. का ओढली, तेवढंच विचारायचं. ही शिस्त यांना शिकवायला मी स्वतः येत होतो."

"शिस्त म्हणे! मोठे डॉक्टर सोलून काढतील ओढणाऱ्याला."

"छे! साहेबानं आधी आभार मानायचे, मग बाकीचं."

काचेपलीकडे मोठे डॉक्टर एका नर्ससमोर कमरेत वाकले आणि मग बाहेर आले.

"हात्तोरीसान, माफ करा. आज दोन हात्तोरी आलेत. तुमच्यासाठी टांगलेली बाटली दुसऱ्या हात्तोरींची होती. तुमची आता आणतोय."

डॉक्टर आत गेले. ओकुमुरासान काचेपलीकडच्या त्या नर्सकडे बघत होते.

"हात्तोरीसान."

"हं."

"आता विचारा."

"काय विचारू?"

"कुणी ओढली ते. विचारा की!"

"बरं बाबा, कुणी ओढली?"

"माझ्या लेकीनं!"