बाबांचा इलेक्ट्रॉन

बाबा : वाचलं ना? मग नुसतं ‘वाचलं’ काय म्हणतेस? वही देऊन महिना झाला.

मुलगी : परीक्षा होत्या बाबा. दोनशे पेपर तपासले. मान मोडून गेलीय.

बाबा : आणि मी काय गादीवर लोळत होतो? पहाटे पाचला उठून वही लिहायची, मग दिवसभर लोकांच्या पंपांच्या जळक्या मोटारींत नवी तार भरायची. अठ्ठावीस वर्षं! आता दुकान बंद करतोय. म्हटलं, वही तरी तुमच्या संस्थेत जाऊ दे. फिजिक्स शिकवतेस ना तिथं? तुझी चार ओळींची चिठ्ठी जोड, म्हणजे कुणी उघडून तरी बघेल.

मुलगी : चिठ्ठी नाही देता येणार.

बाबा : का? दहावी नापासाची वही म्हणून?

मुलगी : असलं बोलू नका हो. आधीच दमलेय मी. चित्रं सुरेख आहेत. वीज आणि चुंबक एकाच आकारातून कसे निघतात, ते तुमच्यासारखं मला फळ्यावर जमत नाही.

बाबा : आकृतीत माणसाला हात घालता येतो. तुमच्या समीकरणांत बोटसुद्धा शिरत नाही. मग घोडं अडलं कुठं?

मुलगी : पान चाळीस. इलेक्ट्रॉन म्हणजे तारेचं बारीक कडं. आतला प्रवाह घड्याळाच्या काट्यांसारखा फिरला तर कण ऋण, उलटा फिरला तर धन.

बाबा : बरोबर. सगळी वही त्यावरच उभी आहे.

मुलगी : हे बघा, ही तार वाकवून कडं केलं. त्यावर पेनानं बाण काढला. कसा फिरतोय?

बाबा : काट्यांसारखा.

मुलगी : आता कडं पालथं केलं.

बाबा : उलटा... पण पालथं करायचंच कशाला? वायरी बाहेर निघतात त्याच बाजूनं वाइंडिंग वाचायचं. उस्तादांनी पहिल्याच दिवशी कान पिळून शिकवलंय.

मुलगी : मोटार बोल्टनं कसलेली असते बाबा. इलेक्ट्रॉनला कोण कसणार? तुमचे दोन कण नाहीतच. एकच कडं आहे, दोन्हीकडून पाहिलेलं.

(बाबा कडं हातात घेऊन दोनतीनदा उलटसुलट करतात.)

बाबा : हात्तिच्या! शेंबड्या पोरालाही कळेल की हे.

मुलगी : नाही. जन्मभर मोटारी भरणाऱ्याचीच ही चूक होऊ शकते.

बाबा : तुला कधी कळलं?

मुलगी : दुसऱ्याच दिवशी.

बाबा : आणि महिनाभर मूग गिळून बसलीस?

मुलगी : रोज फोन उचलायचे नि ठेवून द्यायचे. आई म्हणाली, सांगू नकोस, चिठ्ठी देऊन टाक. द्यावीशी वाटलीही. पण तिथं कुणी परक्यानं हसून वही परत केली असती, ते मला सोसलं नसतं.

बाबा : बरं केलंस. तुझ्यावर राग नाही. वाईट वाटतंय, ते वाटणारच.

मुलगी : दुरुस्त होतंय का बघू या? मी बसते तुमच्यासोबत.

बाबा : नको गं. पायाच गेला, भिंती रंगवून काय करायचंय? फक्त एक सांग.

मुलगी : काय?

बाबा : उद्या पहाटे पाचला जाग येणारच. उठून काय करू?