फितीचं दुसरं टोक

कोर्टाच्या बाकावर म्हातारा पुस्तकात तोंड खुपसून बसला होता. शेजारी फौजदार आणि हवालदार साक्षीची वाट पाहत होते. ऐकू नये, असं म्हणता म्हणता त्याचं पान उलटायचं राहून गेलं.

"साहेब, खोलीचं माप घेताना फितीचं दुसरं टोक कोणी धरलं होतं, हे वकील विचारणारच."

"पंचनाम्यात तुमचं नाव लिहून बसलोय मी."

"अहो, पण मी खाली गाडीपाशी होतो!"

"मी वहीत बघत होतो. 'घट्ट धरा' म्हणालो आणि फीत ताणली गेली. मला वाटलं, तुम्हीच."

"आणि पंच?"

"ते गॅलरीत, पाठ करून."

"मग आत कोण होतं?"

"ती बाई. जमिनीवर, गार पडलेली."

"झालं! हे सांगा, म्हणजे तिचा खून करणारा नवरा सुटून घरी जाईल."

"फीत कपाटाखाली ओढली गेली हो, म्हणून मी वाकलो. त्याच्या शर्टाचं बटण तिथंच सापडलं."

"मग माझंच नाव सांगा. मी हो म्हणतो."

"शपथेवर खोटं?"

"तिच्यासाठी, साहेब."

"नको. तुम्ही तिथं नव्हतात, तेच सांगणार मी."

आतून शिपायानं फौजदारांना पुकारलं. ते उठले, तसा हवालदारानं त्यांचा हात धरला.

"थांबा. गाडीपाशी होतो म्हणालो, ते खोटं. मी दारापर्यंत आलो होतो. ताणलेली फीत बघितली. त्या टोकाला कोणी नव्हतं, म्हणून आत आलो नाही."