दारापुढचा खड्डा

— अरे सोड, सोड ते बटन! दाबून काय धरतोस, टेम्पोचा हॉर्न हाय काय तो? — गेला. बघ, टीव्हीतला तुझा निळा गेला, माझा लाल एकटाच राहिला. पहिल्याच गच्चीवरून खाली. मी लय येडे बघितले काळुराम, पण खेळ चालू झाल्या झाल्या पडणारा तूच पहिला. खांब गावावरून रोह्यापर्यंत टेम्पो आणलास तो तरी रस्त्यानं आणलास ना? — हसू नको. उठू पण नको, भिंतीला टेक नि बस. आमची ही, तुझी ज्युडिथमावशी, काय म्हणाली जाताना? "मी प्रार्थनालयातल्या दिव्यात तेल घालून येते, तोवर तू बस माझ्या जागी, निळ्यावर." असंच म्हणाली ना? मग बस. तिच्या दोन ट्रंका टेम्पोत टाकल्यास, तुझं काम झालं. विमान रात्रीचं हाय, ती आली की तिला घेऊन सुटायचं. — ती? ती तिसरी ट्रंक, दाराआडची, ती माझी. तिला हात लावायचा नाय. खेळ शेवटापर्यंत संपला तर मी पण जाणार ज्युडिथबरोबर इस्रायलला, नायतर नाय जाणार — असं ठरलंय आमच्या दोघांचं, कधीपासून. जाताना तेच ऐकवून गेली, मी येईपर्यंत संपवा म्हणे. आणि बरोबरीला बसवला कोण, तर तू! म्हणजे संपायचा प्रश्नच नाय. मी निवांत हाय. चल, परत लावतो. — तुझ्या रिमोटवर चालूचं बटन शोधू नको, नाय ते. ते फक्त माझ्या रिमोटवर हाय. चालू मी करणार, बंद पण मीच करणार.

आता पहिला नियम — बोलायचं नाय. मी बोलतो, तू गप बसायचं. दुसरा नियम, उडायचं कमी. तोंडाच्या चित्राखाली पिवळी पट्टी दिसते? ती उडायची ताकद. उगाच हवेत घिरट्या घातल्यास की पट्टी संपते नि मग नेमकी गरज पडते तेव्हा तुझा निळा दगडासारखा खाली. सगळे नवशिके हेच करतात, उडता येतंय म्हटल्यावर उडतात. चालता येतं तिथं चालावं! — नाय, ती खिडकीतली बाई सोडून पुढं जाऊ नको, मागं ये. आधी तिला खाली उतरव. हां. बघ, दिलं ना तिनं हृदय? एक जीव वाढला तुझा. लोक काय करतात, राक्षसाला मारायला धावतात नि माणसं तशीच ठेवून जातात. ताकद एवढी की मोटारी उचलतात, नि अक्कल एवढी की चड्डी पँटच्या वरून घालतात. हे म्हणे जग वाचवणार.

हे यंत्र कुठलं, हे विचारतोयस तू — तोंडानं नाय, तोंडावर दिसतंय. अरे, धाटावच्या कंपनीतून रिटायर झालो ना, तर डिपार्टमेंटवाल्यांनी निरोपाला दिलं. द्यायचा होता व्हीसीआर. एक हुशार गेला पेणच्या बाजारात, दुकानदाराला विचारलं, ह्यात कॅसेट लागते काय? तो म्हणाला, लागते. घेऊन आला! आता कॅसेट लागते हे खरं, पण घरी लावतो तर पिक्चर नाय, गाणी नाय, पाठीला टॉवेल बांधलेली दोन माणसं उड्या मारतायत. सगळा जन्म केमिकल हुंगलं त्याचं हे बक्षीस. मी परत करायला निघालो होतो, पण ज्युडिथ म्हणाली, राहू द्या, बघू तरी काय हाय. आणि बसली निळ्यावर. मासे साफ करून हात धुवायची नि यायची. तुझ्यासारखी नाय हां, एकदा सांगितलं की झालं. — गटार आलं. इथं उंदीर येतील, एकाला पण मारायचं नाय. मारलास तर दुप्पट येतात. शिडीला धरून राहा, ते आपोआप जातात पुढं. — राहा म्हटलं ना! — हां. असं. आता जरा माणसासारखा खेळलास.

ही स्टेज आली ना, की मला हसू येतं. फॅक्टरी. हिरव्या हौदातून वाफा, वरून लोंबणारे पाइप — ज्यानं हा खेळ बनवला त्यानं जन्मात केमिकलची कंपनी बघितलेली नाय. उघडा हौद कोण ठेवतो रे? इन्स्पेक्टर आला की नोकरी जाईल. तू फक्त पाइपाकडं बघ. वाफ सुटली की थांब, बंद झाली की पळ. घाई नको, मी पुढं गेलो तरी माझ्या मागं धावायचं नाय. आपल्या वेळेनं ये. ज्युडिथ अशीच यायची. मी पुढं पळून तिकडं वाट बघत उभा, नि ही बया आपली शांतपणे, एकेक वाफ बघत... आलास? आलास की! आश्चर्य हाय. वालाच्या शेतात वाढलेला माणूस तू, टेम्पोचे गियर बदलता बदलता हे कधी शिकलास? — माझ्यामुळं. कबूल कर. माझ्यासारखा सांगणारा भेटल्यावर म्हैस पण खेळेल.

तर काय सांगत होतो... हां, ठरलं कसं ते. तामार, आमची पोरगी, लग्न होऊन तिकडं गेली. दर फोनला एकच — या, या, तुम्ही दोघंच राहिलात तिथं. कोण राहिलंय आता रोह्यात आमच्या ज्यू लोकांतलं? मोजायला एका हाताची बोटं पुरतात. ज्युडिथचा जीव तिकडं. मी म्हणायचो, जाऊ गो, जाऊ, एवढा खेळ तरी संपू दे. म्हणजे मी आपलं म्हणालो, माणूस काय वाट्टेल ते म्हणतो! तर हिनं ते धरूनच ठेवलं. "बरं, खेळ संपला की जाऊ." आणि लागली ना खेळायला! मी म्हटलं, आली पंचाईत. कारण हे यंत्र बंद केलं की सगळं पहिल्यापासून, राखून ठेवायची सोय नाय ह्यात, पण ही बाई पहिल्यापासून पण सरसर शेवटापर्यंत यायला लागली. मग मी काय करायचो, शुक्रवारी दुपारी खेळ लावायचो. शेवटाला येईपर्यंत दिवस बुडायला टेकायचा, नि शब्बाथ, म्हणजे आमचा सुट्टीचा शनवार, लागला की आमच्यात स्विचला हात लावायचा नसतो — ना चालू करायला, ना बंद करायला. मी म्हणायचो, गो, दिवा लागायच्या आत बंद करू दे. नि खटकन बंद. एकदा दिवा लावता लावता म्हणाली, "कंपनीत जन्मभर शनवारी शिफ्ट केलीत, तेव्हा कधी शब्बाथ आठवला नाय. हा बरा टीव्हीवर आठवतो तुम्हाला!" नि पुढच्या आठवड्यापासून म्हणाली, रविवारी खेळू.

— थांब! सायेब आला. तो टकल्या, काचेच्या मशिनीत बसलेला, त्याला मी सायेब म्हणतो. मशीन फोडायला जाऊ नको, सगळे तेच करतात नि मरतात. उजव्या कोपऱ्यात खाली बस. तो गोळ्या टाकेल टाकेल नि कंटाळून स्वतःच खाली येईल. सायेब लोकांचं असंच असतं, आपण काय केलं नाय की त्यांना राहवत नाय. आला की पायावर मार. पायावर! मी इकडून मारतो, तू तिकडून — परत बस — परत मार — अरे, मार की — मेला! काळुराम, मेला तो! पहिल्याच खेपेला! असा कसा मेला? तू काय रे, बाहेर कुठं खेळतोस काय चोरून? — नाय? मग मीच जास्त सांगून बसलो. माझी ही खोड हाय, समोर मूर्ख बसला की गप राहवत नाय.

बरं. आता ऐक. आता इमारत पडायला लागेल, इथून पळायचं. पुढं एक खड्डा हाय, त्याच्या पलीकडं दार. तू पुढं हो. पट्टी हाय ना शिल्लक? उड. — हां, गेलास. आता दाराशी जाऊन उभा राहा. एकट्यासाठी उघडत नाय ते. लाल नि निळा दोघं उभे राहिले तरच उघडतं. पलीकडं काय हाय? मला काय ठाऊक. कधी बघितलंच नाय. — अरे, खड्डा काय मोठा नाय, डोळे मिटून मारीन मी उडी, पण मी मुद्दाम दोन पावलं आधीच उडी — म्हणजे — म्हणजे पाय घसरतो तिथं. लालचा. ते बटनच तसं हाय. तू काय बघतोस माझ्याकडं? टीव्हीकडं बघ! प्रत्येक रविवारी घसरतो म्हणून काय झालं, माणूस म्हातारा होतो, बोटं चालत नायत. ती तुझ्यासारखीच तिथं जाऊन उभी राहायची, निळा घेऊन, दाराशी. नि मी इकडं. एकदा रिमोट खाली ठेवून म्हणाली, "तुम्हाला यायचं नसेल तर तोंडानं सांगा ना हो." मी काय सांगणार? काय सांगू, की नातू फोनवर बोलतो त्यातलं मला अक्षर कळत नाय? हां हां करतो नि फोन हिच्या हातात देतो. इथं बाजारात गेलो तर चार माणसं विचारतात, बेंजामिनशेट, काय म्हणताय. कुंडलिका नदीचं पाणी किती चढलं ते मला विचारतात. तिकडं कोण विचारणार? चौथ्या मजल्यावर खुर्ची टाकून बसायचं, मुक्या माणसासारखं. मला भीती वाटते काळुराम. ते तिला तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा खड्डा बरा. पडलो की म्हणायची, "बरं, पुढच्या रविवारी." एकदा पण रागावली नाय. मला वाटायचं, कळत नाय हिला. — तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं. व्हय ना? कळत होतं, नि तरी दर रविवारी जाऊन दाराशी उभी राहायची.

— काय? परत बोल. बोल, बोल, नियम गेला खड्ड्यात. — टेम्पोत जागा ठेवलीस? कसली जागा? — तिसऱ्या ट्रंकेची? कोणी सांगितलं तुला? — तिनं? आज? ट्रंका चढवताना म्हणाली, तिसरीला जागा ठेव, आडव्या टाकू नको, उभ्या लाव? — तिला ठाऊक हाय रे माझी ट्रंक तयार हाय ते. तिनंच भरली. माझी लोकरीची बंडी वर ठेवली, लागेल म्हणाली तिकडं थंडीत. मी नुसती कडी लावली नाय.

हलू नको. काळुराम, तिथून हलायचं नाय हां, दारातून. अजिबात बोट लावू नको बटनाला. मी येतो. इमारत पडली तर पडू दे, तू उभा राहा. हा बघ, आलो कडेला — ही दोन पावलं — नि ही घेतली उडी —

— अरे! अरे, काय झालं? — लाईट? लाईट गेली? आत्ता? ह्या वीजमंडळवाल्यांच्या तर... इतके रविवार जावी जावी म्हटलं तेव्हा गेली नाय, नि आज — अरे हवेत होता तो! तू बघितलास ना, लाल हवेत होता, खड्ड्याच्या वर, पलीकडंच जात होता — 

आलीस? कधी आलीस तू? — नाय गो, तसं नाय. तशी नको बघू. लाईट गेली. आळीत विचार, सगळ्यांची गेली. आज मी स्विचला हात लावला नाय, घसरलो नाय, काय केलं नाय. या खेपेला खरंच मारली होती उडी! ह्याला विचार. हा दाराशी उभा होता, तुझ्या जागी, ह्यानं बघितलंय. सांग रे, काळुराम. सांग मावशीला. — अरे, बोल की! मघापासून सांगतोय ना बोल म्हणून — आता कशाला गप? तोंड नाय तुला? टाळकं हलवून काय उपयोग, ती तुझ्याकडं बघत पण नाय, माझ्याकडं बघतेय.

बरं. राहू दे. तुझ्याच्यानं नाय व्हायचं ते. ऊठ. ती दाराआडची ट्रंक घे, कडी लाव, नि त्या जागेत ठेव. दोर नीट बांध, आत्ता खेळलास तसा नको बांधू. जा ना — बघत काय उभा राहिलास? जा भायेर. मला हिला तोंडानं सांगायचंय.