नव्या सायलेन्सरचा आवाज

माझी ती लाल स्पोर्ट्स कार आठवते ना, लातूरच्या एजंटाकडून घेतलेली सेकंडहँड? नांदेडला तिचं इंजिन ट्यून करून घेतलं, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला आणि भर दुपारी परत निघालो. अहमदपुरात गाडी चालूच ठेवून टपरीवर पाण्याची बाटली घेत होतो, तेवढ्यात समोरच्या घरातून एक मावशी धावत आल्या. गाडीचं दार उघडून रिकाम्या सीटला म्हणाल्या, "लई उशीर केलास रे. भाकर गार झाली."

मागोमाग त्यांचा नवरा आला. "माफ करा साहेब. आमच्या पोराची गाडी ही. तो तापानं गेला, मग इकली."

"सायलेन्सर ऐकून आल्या असतील," मी म्हणालो.

"कशानं ऐकतीय? पोरगा गेल्यापासून तिला कायबी ऐकू येत न्हाई. डॉक्टरनं हात टेकले."

काकांनी त्यांचा हात धरून त्यांना घराकडे वळवलं. चार पावलं गेल्यावर मी उघड्या दारातून हात घालून हळूच इंजिन बंद केलं.

पाठमोऱ्या मावशी गर्रकन वळल्या.

"बंद कामून केलीस रे?"

काका जागच्या जागी थिजले. मी पुन्हा चावी फिरवली.